तुरुंग की उपचार? मायामीचं ड्रग कोर्ट

तर मंडळी, साल १९८९, अमेरिकेतलं मायामी. कोकेनच्या केसेसनी कोर्टं तुंबलेली. तीच माणसं सुटायची, परत पकडली जायची. मग तिथे ‘ड्रग कोर्ट’ सुरू झालं: उपचार घ्या, लघवीची तपासणी द्या, ठरलेल्या तारखांना न्यायाधीशांसमोर या. पूर्ण केलंत तर आरोप रद्द.

फरक पडला? २०१२ मध्ये प्रौढांच्या ड्रग कोर्टांवरचे ९२ अभ्यास एकत्र तपासले गेले. पुन्हा गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण साधारण ५० वरून ३८ टक्के. अल्पवयीनांमध्ये फरक बराच कमी. आणि हो, सुधारण्यासारखीच माणसं आत घेतली तर आकडा छान दिसणारच. डेटावाल्याला हे आधी खटकतं!

आपल्याकडेही एनडीपीएस कायद्याचं कलम ३९ आहे. सेवन किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, कोर्ट लगेच तुरुंगात न धाडता उपचारांसाठी सोडू शकतं.