राख शेतात ठेवली तर गुन्हा होतो का?

गेल्या चैत्रात माजलगाव तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी राख सावडायला गेलो होतो. वारलेली म्हातारी जन्मभर मळ्यात राबलेली. ती म्हणायची, मला नदीत नेऊ नका, माझ्या मळ्यातच ठेवा. धाकटा मुलगा त्याला तयार होता. थोरला अडून बसला. "मंजरथला नेली नाही तर भावकी काय म्हणेल? आणि शेतात राख ठेवली तर पोलीस केस होते म्हणतात." मग दोघेही माझ्याकडे पाहू लागले. "साहेब, तुम्हीच सांगा."

मी शेतकी खात्याचा माणूस, वकील नव्हे. जे ठाऊक होते ते तिथे सांगितले. पुढे एका वकिलांना विचारून खात्री करून घेतली, ती इथे लिहितो, कारण हा प्रश्न घरोघरी निघतो.

अस्थी कुठे विसर्जित कराव्यात, हे सांगणारा वेगळा कायदा आपल्या देशात नाही. नदीतच सोडा अशी सक्ती नाही आणि स्वतःच्या शेतात नको अशी बंदीही नाही. पंडित नेहरूंनी १९५४ साली मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की, आपली मूठभर रक्षा गंगेत सोडावी आणि उरलेली विमानातून शेतकऱ्यांच्या शेतांवर पसरावी. १९६४ साली ते वारले, तेव्हा तसेच केले गेले. हे ऐकल्यावर थोरला जरा नरमला.

कायदा आडवा येतो तो पाण्यापाशी. सार्वजनिक झरा किंवा जलाशय जाणूनबुजून घाण करून पाणी वापरण्याजोगे न ठेवणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नदी-ओढ्यात प्रदूषण करणारे पदार्थ टाकायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे. मूठभर अस्थींनी गोदावरी नासली असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्याबरोबर आपण काय काय सोडतो? गादी, उशी, कपडे, औषधांच्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य. माजलगावच्या धरणाचे पाणी बीड शहरापर्यंत प्यायला जाते, हे लक्षात ठेवावे. मंजरथला सिंधफणा गोदावरीला मिळते, ते आपल्या भागाचे जुने तीर्थ. २०१६ च्या दुष्काळात धरण मृतसाठ्याखाली गेले होते. त्या उन्हाळ्यात पात्रातल्या डबक्यांत लोकांनी गाडगी रिकामी केलेली मी पाहिली. शेजारच्याच डबक्यात गुरे पाणी पीत होती.

आता शेताचे. राख म्हणजे खत, असे धाकट्याच्या मनात होते. ते तितकेसे खरे नाही. लाकडाच्या राखेत पालाश आणि चुना असतो, हाडांच्या राखेत स्फुरद. पण आपली काळी जमीन आधीच चुनखडीची आणि विम्ल. तिच्यात हाडांतले स्फुरद पिकाला फारसे लागू होत नाही. चितेची सगळी राख एका खड्ड्यात ओतून वर रोप लावले, तर क्षाराने मुळे करपतात आणि रोप वाळते. मग घरात अपशकुनाची कुजबुज सुरू होते. म्हणून खड्ड्यात दोन मुठी राख पुरे, तीही शेणखतात आणि मातीत नीट कालवून, मुळांपासून लांब. बाकीची राख पातळ पसरून वखराने मातीत मिसळावी. विहीर, बोअर आणि ओढ्याचा काठ टाळावा. सावडतानाच खिळे, तारा, काच वेचून घ्यावी, नाहीतर पुढे कुणाच्या तरी पायात जाते.

धाकट्याला बांधावर चौथराही बांधायचा होता. तो बेत मी सोडायला सांगितला. पुढे वाटणीत ती पट्टी दुसऱ्याकडे गेली की भांडण ठरलेले. मृतांच्या अवशेषांसाठी राखलेल्या जागेत कोणी भावना दुखावण्यासाठी घुसले, तर कलम ३०१ लागू शकते. म्हणजे भावाभावांतली कुरबूर पोलीस ठाण्यात जायची.

मग मी विचारले, "सातबाऱ्यावर नावे कुणाकुणाची?" दोघांची आणि बहिणीची. बहीण गेवराईकडे दिलेली. मळ्यात ती बरोबरीची हिस्सेदार, पण तिला कोणी विचारलेच नव्हते! ती आत बायकांत बसली होती. तिला बाहेर बोलावले.

जाता जाता एक. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. तो दाखला नसेल तर वारसाचा फेरफार अडतो. साप चावून, विजेच्या धक्क्याने किंवा अपघाताने कोणी गेले असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अग्नी देऊ नये. शेतकरी अपघाताचे दोन लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान त्या कागदांवर मिळते. राखेवरून कोणी काही सिद्ध करू शकत नाही. घाईत दहन उरकून नंतर कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी घरे मी पाहिली आहेत.

बहीण म्हणाली, "थोडी मंजरथला न्या, बाकी आईच्या मळ्यात. आणि झाड चिंचेचं लावा, तिला चिंच आवडायची." थोरला काही बोलला नाही, पण दहाव्याला एक गाडगे त्यानेच मंजरथला नेले. दुसरे मळ्यातल्या लिंबाला टांगून ठेवले. चिंच मृगाचा पाऊस झाल्यावर लावली.