कुत्र्यांतील पचनविकार

जठर व आतडी यांच्या कार्यात बिघाड झाल्याने कुत्र्यांत वांती, अतिसार, पोटफुगी, भूक मंदावणे इ. लक्षणे दिसतात. वांती व अतिसार हे स्वतंत्र रोग नसून लक्षणे होत. त्यांमागील कारण क्षुल्लक असते, तसेच प्राणघातकही असू शकते.

आहारदोष हे सर्वांत नेहमीचे कारण होय. उकिरड्यावरील कुजके अन्न, आहारातील एकाएकी बदल व अतिस्निग्ध पदार्थ यांमुळे आतड्यांचा दाह होतो. दुधातील शर्करा पचविणारे एंझाइम बहुतेक प्रौढ कुत्र्यांत अल्प असल्याने दुधानेही अतिसार होतो. शिजविलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे अन्नमार्गात अडकतात. चॉकोलेट, द्राक्षे व कांदा हे पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत.

कृमी हे दुसरे कारण होय. गोलकृमींचा संसर्ग पिलांना मातेच्या गर्भाशयातच होऊ शकतो. अंकुशकृमी आतड्याच्या भित्तीस चिकटून रक्त शोषतात. त्यामुळे विष्ठा काळपट व हिरड्या फिकट होतात. त्यांच्या अळ्या ओलसर, सावलीच्या मातीत वाढून तोंडावाटे वा त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणून रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या अतिपावसाच्या डोंगरी गावांत पावसाळ्यात विशेष काळजी घ्यावी लागते. अनवाणी माणसाच्या त्वचेत या अळ्या शिरल्यास नागमोडी, खाजरे चट्टे उठतात.

सर्वांत घातक कारण म्हणजे १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू. लस न दिलेल्या पिलांत त्यामुळे सतत वांती व दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित अतिसार होतो. उपचाराअभावी निर्जलीभवनाने थोड्याच दिवसांत मृत्यू ओढवतो. विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो. वयाच्या ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दिलेली लस हाच खात्रीचा प्रतिबंध होय.

प्रौढ कुत्रे तरतरीत असून त्रास सौम्य असल्यास स्वच्छ पाणी व मीठ-मसाल्याविना मऊ भात थोडा थोडा द्यावा. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. त्यांनी जठरात व्रण होतात. विष्ठेत रक्त, पोटात पाणीही न ठरणे, फुगलेल्या पोटासह निष्फळ उमासे किंवा एक दिवसाहून अधिक टिकणारा त्रास ही धोक्याची चिन्हे आहेत. पिलांच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. पशुवैद्यापर्यंतचा रस्ता जेथे लांबचा व घाटाचा आहे, तेथे निघण्याचा निर्णय लवकर घेणे हाच निम्मा उपचार ठरतो.