जुन्या वास्तूंचे नूतनीकरण आणि वायुवीजनाची गरज : नल्लकुंटा (हैदराबाद) परिसराच्या संदर्भात

हैदराबादमध्ये नल्लकुंटा हे नाव घेतले की जुन्या पिढीला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे तेथील 'कोरंटी दवाखाना' आणि दुसरी म्हणजे शिकवण्या. कोरंटी हा 'क्वारंटाइन' या शब्दाचा बोलीभाषेत रुळलेला अवतार. निजामकाळातील या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयाचे आजचे अधिकृत नाव सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाने असले, तरी रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग होत नाही. त्याला 'फीवर हॉस्पिटल' किंवा 'कोरंटी' असेच सांगावे लागते. डासांच्या शरीरात हिवतापाचे परजीवी असल्याचा शोध रॉस यांनी १८९७ साली याच जुळ्या शहरांत, सिकंदराबादजवळ बेगमपेठेत लावला. शिकवण्यांच्या बाबतीत चुक्का रामय्या यांच्या आयआयटी प्रवेशाच्या वर्गाने नल्लकुंट्याचे नाव सर्वदूर नेले. उस्मानिया विद्यापीठ आणि काचीगुडा यांच्या सान्निध्यामुळे या परिसरातील कित्येक जुन्या राहत्या घरांचे वर्गखोल्यांत, वसतिगृहांत आणि छोट्या प्रशिक्षण केंद्रांत रूपांतर झाले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या दोन गोष्टींच्या मध्ये आहे. घराची शाळा करताना हवेचे काय होते? संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व वर्गखोलीत का विसरले जाते? कम्युनिटी कॉलेजे बहुधा नव्या इमारतीत नव्हे, तर अशाच मिळालेल्या, भाड्याच्या किंवा दान केलेल्या जुन्या वास्तूंत चालतात. तेथे शिकवणाऱ्या अध्यापकांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) आठव्या भागात वातानुकूलन, उष्णीकरण आणि यांत्रिक वायुवीजन यांचा एकत्र विचार केला आहे. पाश्चात्य देशांत उष्णीकरण, म्हणजे खोली गरम ठेवणे, ही इमारतीची पहिली गरज असते. हैदराबादेत ती नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता या शहराला संमिश्र हवामानाच्या विभागात ठेवते : एप्रिल-मेमध्ये कोरडी उष्णता, जुलैपासून दमटपणा, आणि हिवाळा सुसह्य. येथे खोलीत उष्णता आणायची नसून ती बाहेर काढायची असते. म्हणून परदेशी नियमावलीतील यंत्रांची यादी जशीच्या तशी उचलणे व्यर्थ आहे. तिच्यातील ताज्या हवेचा हिशेब मात्र कोणत्याही हवामानात तितकाच लागू पडतो, कारण माणसाचा श्वास हवामान पाहून कमीजास्त होत नाही.

जुनी घरे बांधणाऱ्यांना हा हिशेब आकड्यांत माहीत नव्हता, पण हाताला माहीत होता. बारा-चौदा फूट उंच छत, त्याखाली भिंतीत 'रोशनदान', दोन्ही बाजूंना व्हरांडे आणि मध्ये चौक अशी ही रचना असे. रोशनदान म्हणजे शब्दशः प्रकाश देणारे. पण त्याचे खरे काम हवेचे होते. गरम हवा हलकी होऊन वर जाते, रोशनदानातून बाहेर पडते, आणि खालच्या खिडकीतून तिची जागा घ्यायला नवी हवा येते. सिंधमधील दुसऱ्या हैदराबादेत तर घराघरांवर वारा पकडणारे उंच 'मंघ' होते. फारसीत त्यालाच बादगीर म्हणतात. दख्खनच्या हैदराबादेत बादगीर रुजले नाहीत, पण झरोका, जाळी आणि खसाचे पडदे यांनी तेच काम वेगळ्या रीतीने केले.

आता नूतनीकरणात काय घडते ते पाहू. जागा वाढवण्यासाठी व्हरांडा विटांनी बंद होतो. लाकडी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसते. रोशनदान धूळ आणि कबुतरे येतात म्हणून लिंपले जाते. उंच छत 'जुनाट' दिसते म्हणून त्याखाली फॉल्स सीलिंग येते, आणि शेवटी स्प्लिट एसी लावला जातो. या प्रत्येक पायरीमागे समजण्याजोगे कारण असते. हुसेन सागरचा अतिरिक्त पाणी वाहून नेणारा नाला या भागाजवळून जातो. त्याचा वास आणि डास यांमुळे खिडकी बंद ठेवावीशी वाटणे स्वाभाविक आहे. नल्लकुंटा या तेलुगू नावाचा अर्थच 'काळे तळे' असा आहे. पण सर्व पायऱ्यांचा एकत्रित परिणाम असा होतो, की ज्या खोलीला पूर्वी हवेची पाच-सहा द्वारे होती, तिला आता फक्त एक दार उरते, आणि तेही एसीसाठी बंद.

स्प्लिट एसीविषयी येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तो बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतील तीच हवा तो पुन्हापुन्हा थंड करतो. बाहेरच्या यंत्राकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त शीतक द्रव्य वाहते, हवा नव्हे. जुन्या खिडकी-एसीला निदान एक छोटी झडप असते, आणि ती सहसा बंदच असते. थंड वाटते म्हणजे हवा ताजी आहे, हा भ्रम शिक्षितांतही सर्रास आढळतो.

एक उदाहरण घेऊ. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंचीची खोली, म्हणजे १४४ घनमीटर. त्यात ४० विद्यार्थी व एक शिक्षक. बसलेला प्रौढ माणूस ताशी साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४१ जणांचे सुमारे ७३८ लिटर होतात. दारे-खिडक्या बंद असताना फटींतून होणारा हवापालट ताशी अर्धा धरला, तर तासाभरात या वायूचे प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० वरून दशलक्षात ४,००० भागांच्या वर जाते. हा वायू या प्रमाणात विषारी नाही. परंतु जांभया, डोके जड होणे आणि दुपारच्या तासाला पेंग येणे यांचा दोष नेहमी विद्यार्थ्यांना दिला जातो. त्यात बंद हवेचा वाटा किती, हे कोणी पाहत नाही. त्याहून महत्त्वाचे असे, की हा वायू दुसऱ्याच गोष्टीचा निदर्शक आहे. खोलीतील प्रत्येक जण दुसऱ्यांनी सोडलेली हवा किती प्रमाणात पुन्हा घेत आहे, हे त्यावरून कळते.

आणि येथे कोरंटी दवाखान्याचा संबंध येतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. ते टेबल पुसून जात नाहीत. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांतील खोल्यांची मोजणी करून एस्कोम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दारे-खिडक्या उघड्या असताना नैसर्गिक वायुवीजनाच्या खोल्यांत सरासरी ताशी २८ वेळा हवा बदलत होती. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हा आकडा ४० होता, तर नंतरच्या इमारतींत १७. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्या ताशी १२ हवापालटांच्या शिफारशीनुसार धरल्या, तरी उपचार न झालेल्या रुग्णाच्या सहवासात २४ तास राहिल्यास संसर्गाचा अंदाज ३९ टक्के निघाला. जुन्या इमारतींत तो ११ टक्के होता. जुनी इमारत नव्या यंत्राहून सुरक्षित ठरली, आणि तीही फुकट. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नैसर्गिक वायुवीजनाची मार्गदर्शिका काढली, तेव्हा हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोल्यांसाठी प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला १६० लिटर हवा सुचवली. २०२० मध्ये कोविडच्या काळात नल्लकुंट्याचे फीवर हॉस्पिटल पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले, आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्याच संघटनेने निवासेतर इमारतींसाठी माणशी सेकंदाला १० लिटर हे मान सांगितले.

आपल्या उदाहरणातील खोलीला हे मान लावले तर सेकंदाला ४१० लिटर, म्हणजे ताशी सुमारे १,४७६ घनमीटर हवा लागते. ताशी दहा हवापालट. अमेरिकेतील ॲशरे संस्थेचे वर्गखोल्यांचे मान, माणशी ५ लिटर अधिक दर चौरस मीटरला ०.६ लिटर, धरले तर सेकंदाला सुमारे २३४ लिटर पुरतात, म्हणजे ताशी सहाच्या आसपास हवापालट. या दोन आकड्यांच्या दरम्यान कोठेतरी लक्ष्य ठेवावे. सतरंजीवर बसून शिकवण्याची पद्धत असलेल्या वर्गांत तेवढ्याच क्षेत्रफळात बाकांपेक्षा पुष्कळ अधिक विद्यार्थी मावतात. म्हणून हिशेब खोलीच्या आकारावरून नव्हे, तर डोकी मोजून करावा.

इतकी हवा आणायची कशी? प्रथम खिडक्या. खिडक्यांचे क्षेत्र दारे वगळून जमिनीच्या क्षेत्राच्या किती असावे, याविषयी राष्ट्रीय संहितेचे जुने मान असे : कोरड्या उष्ण हवामानात एक दशांश, मध्यम हवामानात एक अष्टमांश, दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश. आपल्या ४८ चौरस मीटर खोलीला एक अष्टमांशाने ६ चौरस मीटर लागतात. येथे सरकत्या खिडकीची गोम लक्षात घ्यावी. तिचा अर्धाच भाग उघडतो. कागदावर ६ मीटर, प्रत्यक्षात ३. त्यावर डासांची जाळी लावली की वारा आणखी लक्षणीय कमी होतो. बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी जुनाट दिसली तरी तीच घ्यावी; आणि जाळी लावायची तर खिडकी त्या मानाने मोठी ठेवावी. शैक्षणिक इमारतींत छताची उंची ३.६ मीटर असावी असेही संहिता सांगते. फॉल्स सीलिंग करणाऱ्या ठेकेदाराला हे वाक्य दाखवणे पुरेसे ठरते.

रस्त्याकडील बाजू गोंगाटाची व धुळीची असेल, किंवा खोली तीन बाजूंनी बंद असेल, तर यंत्राला पर्याय नाही. एग्झॉस्ट पंखा हे सर्वांत स्वस्त साधन. पण तो हवा निर्माण करत नाही, फक्त ओढतो. समोरच्या भिंतीत हवा येण्याची वाट नसेल तर तो नुसता फिरतो, किंवा शौचालयाकडून हवा खेचतो. म्हणून पंखा शौचालयात बसवावा आणि वर्गात चौकाच्या बाजूने हवा यावी अशी योजना असावी. उलट झाल्यास वास सर्वत्र पसरतो. बाहेरची हवा गाळून घ्यायची असल्यास साधा पात्यांचा पंखा चालत नाही. गाळणी आणि लांब नळी यांच्या विरोधाला तो पुरा पडत नाही. त्यासाठी नळीत बसणारा, दाब निर्माण करणारा पंखा लागतो. हवा घेण्याचे तोंड गच्चीवर किंवा चौकात असावे, जनरेटरच्या धुराड्यापासून दूर. हे शेवटचे वाक्य किरकोळ वाटले तरी जिवाशी संबंधित आहे, कारण त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एसी असलेल्या खोलीत ताजी हवा आणण्याचा खर्चही प्रामाणिकपणे सांगावा लागेल. मे महिन्यात बाहेर ४० अंश आणि आत २६ अंश असताना सेकंदाला २३४ लिटर हवा थंड करण्यासाठी जवळपास चार किलोवॉट, म्हणजे एक टनाहून थोडी अधिक क्षमता लागते. ठेकेदार ही हवा का वगळतात ते यावरून समजते. दरपत्रक स्वस्त होते, आणि बंद हवा कोणाला दिसत नाही. बाहेर जाणाऱ्या थंड हवेकडून आत येणाऱ्या गरम हवेला गारवा देणारी उपकरणे मिळतात. त्यांनी हा भार बराच हलका होतो.

पण एसी लागतोच का? माधवी इंद्रगंटी यांनी २००८ मध्ये हैदराबादच्याच सदनिकांत रहिवाशांना विचारून अभ्यास केला, तेव्हा लोकांना सुमारे २९ अंशांना आरामदायक वाटते आणि २६ ते ३२ अंशांची मर्यादा चालते असे दिसले. २०१६ च्या संहितेने स्वीकारलेल्या भारतीय अनुकूलन सूत्रानुसारही, बाहेरचे सरासरी तापमान ३३ अंश असता नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत जवळपास ३३ अंशांपर्यंत बहुतेकांना सोसते. पंखा, हवेची ये-जा आणि गच्चीची उष्णता आटोक्यात असणे एवढेच आवश्यक. गच्चीसाठी चुन्याचा किंवा परावर्तक पांढरा लेप हा सोपा उपाय आहे. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरण आणले; त्यात शासकीय व व्यावसायिक इमारतींना असे छत बंधनकारक केले आहे. डेझर्ट कूलर कोरड्या महिन्यांत उत्तम, आणि तो पूर्णपणे बाहेरची हवा आणतो; मात्र समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. कूलर लावून खिडकी बंद करणारे त्यालाच दोष देतात.

काम पूर्ण झाल्यावर तपासणी कशी करावी? कार्बन डायऑक्साइड मोजणारी अवरक्त संवेदकाची छोटी यंत्रे आता काही हजार रुपयांत मिळतात. वर्ग सुटल्यावर विद्यार्थी बाहेर गेले की दारे-खिडक्या व पंखे वर्गात असतात तसेच ठेवावेत आणि दर मिनिटाला वाचन नोंदवावे. बाहेरच्या ४२० पेक्षा जे आधिक्य असेल, ते ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ पाहावा. दहा मिनिटे लागली तर ताशी सहा हवापालट होत आहेत. एक तास लागला तर फक्त एक. समजा सुटताना वाचन २,०००, म्हणजे आधिक्य १,५८० आहे, तर वाचन १,००५ च्या आसपास येईपर्यंतची वेळ मोजावी. यंत्र खिडकीत किंवा कोणाच्या तोंडाजवळ ठेवू नये. खोलीच्या मध्यभागी, बाकाच्या उंचीवर ठेवावे, आणि मोजणी करणाऱ्याने स्वतः खोलीबाहेर थांबून दारातून वाचन घ्यावे.