जुन्या मराठी ललितेतर ग्रंथांची पुनर्मुद्रणे

जुन्या मराठी ललितेतर ग्रंथांची पुनर्मुद्रणे म्हणजे एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या इतिहास, आत्मवृत्त, प्रवासवर्णन, स्थलवर्णन, निबंध, कोश इत्यादी ग्रंथांच्या पुढील काळात निघालेल्या आवृत्त्या होत. मूळ प्रती दुर्मीळ झाल्यामुळे आजच्या वाचकाला व अभ्यासकाला हे ग्रंथ बहुधा पुनर्मुद्रणांतूनच भेटतात. त्यामुळे पुनर्मुद्रण कोणत्या प्रतीवरून केले आणि त्यात संपादकाने काय बदलले, हा प्रश्न संदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

प्रकार

पुनर्मुद्रणांचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. छायामुद्रित प्रतीत मूळ पानाचे चित्रच छापले जाते. त्यामुळे अक्षरवळण, शुद्धलेखन आणि मुद्रणदोषही तसेच राहतात. नव्याने जुळणी केलेल्या आवृत्तीत मजकूर पुन्हा टंकित होतो. वाचनाची सोय वाढते, मात्र नवे मुद्रणदोष शिरण्याचा संभव असतो. संपादित अथवा चिकित्सक आवृत्तीत प्रस्तावना, टीपा, पाठभेद, सूची यांची जोड असते आणि संपादकाने स्वीकारलेले धोरण सांगितलेले असते.

उल्लेखनीय उदाहरणे

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. शहराची वस्ती, बाजार, देवळे, विद्यालये, लोकांचे व्यवहार यांची माहिती देणारा हा ग्रंथ न. र. फाटक यांच्या संपादनाखाली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६१ साली पुन्हा प्रसिद्ध केला. मुरली रंगनाथन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला.

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. त्याच्या ५०० प्रती काढण्यात आल्या होत्या व किंमत नऊ आणे होती. पुढे तो जवळजवळ विस्मृतीत गेला. स. गं. माळशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशात आणला. आज स्त्रीवादी विचाराच्या भारतीय इतिहासात या निबंधाला जे स्थान आहे, ते या पुनर्मुद्रणानंतर प्राप्त झालेले आहे.

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पूर्ण झाला. परंतु त्यांच्या हयातीत तो संपूर्ण छापला गेला नाही. धनंजय कीर व स. गं. माळशे यांनी संपादिलेले फुले यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली प्रसिद्ध केले. पुढील सुधारित आवृत्तीचे संपादन य. दि. फडके यांनी केले.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली आणि वाढवलेल्या स्वरूपात १८५७ साली निघाला. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली काढलेले पुनर्मुद्रण दुसऱ्या आवृत्तीचे आहे. त्यामुळे त्यात एखादा शब्द सापडला, तर तो १८५७ सालच्या कोशात होता एवढेच सिद्ध होते. १८३१ साली त्याची नोंद होती की नाही, हे पहिल्या आवृत्तीवरूनच ठरवावे लागते.

संहितेचा प्रश्न : ‘माझा प्रवास’

मूळ मजकूर व छापील मजकूर यांतील अंतर किती असू शकते, हे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथावरून दिसते. रायगड जिल्ह्यातील वरसई येथील गोडसे भटजी अर्थार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात गेले असता १८५७च्या उठावात सापडले. झाशीच्या पाडावाचे ते साक्षीदार होते. आपली हकीकत त्यांनी १८८३ साली लिहिली. ब्रिटिश राजवटीत ती छापणे जोखमीचे होते. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती गोडसे यांच्या निधनानंतर १९०७ साली प्रसिद्ध केली. मात्र छापताना भाषेवर संस्कार केले, काही मजकूर गाळला व काही फेरफार केले.

पुढे सुमारे सहा दशके वाचकांपुढे हीच संहिता होती. अमृतलाल नागर यांचा ‘आँखों देखा गदर’ हा हिंदी अनुवादही याच काळातला आहे. भारत इतिहास संशोधक मंडळातील मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली गोडसे यांची संहिता प्रसिद्ध केली. म्हणून ‘गोडसे भटजी असे म्हणतात’ असा हवाला देताना तो वैद्यांच्या प्रतीतील आहे की पोतदारांच्या, हे सांगणे आवश्यक असते. वैद्यांची आवृत्ती त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. १९०७ साली काय छापता येत होते आणि काय टाळावे लागत होते, याचा ती स्वतंत्र पुरावा आहे.

शुद्धलेखनातील बदल

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम निश्चित केले व १९७२ साली त्यांत चार नियमांची भर घातली. या नियमांनुसार अनुच्चारित अनुस्वार वगळण्यात आले. त्यानंतरच्या अनेक पुनर्मुद्रणांत जुने ग्रंथ नव्या लेखनपद्धतीत आणले गेले. जुन्या पद्धतीत ‘नांव’ म्हणजे अभिधान व ‘नाव’ म्हणजे होडी असा भेद होता. ‘काम केलें’ आणि ‘लाडू केले’ यांतील क्रियापदाचे लिंग-वचन लेखनातच दिसे. नव्या लेखनात दोन्ही रूपे एकसारखी होतात. सामान्य वाचकाला अर्थ संदर्भाने कळतो आणि ग्रंथ सुलभ होतो. भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाचा पुरावा मात्र नाहीसा होतो.

स्वामित्वहक्क

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ व त्यातील १९९२ सालची दुरुस्ती यांनुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे राहतो. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांसाठी ही मुदत सामान्यतः प्रकाशनापासून मोजली जाते. मुदत संपल्यावर मूळ मजकूर कोणासही छापता येतो; परंतु नव्या संपादकाची प्रस्तावना व टीपा यांवर त्याचा स्वतंत्र हक्क असतो.

संगणकीय प्रती

साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने महाजालावर विनामूल्य उपलब्ध केली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेनेही दुर्मीळ ग्रंथांच्या संगणकीय प्रती केल्या आहेत. अशा प्रतींवरून मागणीनुसार छापून देण्याची पद्धतही रूढ झाली आहे. या प्रकारच्या पुस्तकांत पान सुटणे, घडीचे नकाशे अर्धवट छापले जाणे आणि यंत्राने अक्षरे चुकीची ओळखणे हे दोष आढळतात.

संदर्भ देण्याची पद्धत

पुनर्मुद्रणाचा संदर्भ देताना मूळ प्रकाशनवर्ष व वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष ही दोन्ही नोंदवावीत, तसेच संपादकाचे नाव द्यावे. केवळ नवे वर्ष दिल्यास १८८२ सालचा निबंध १९७५ सालचा भासतो. केवळ जुने वर्ष दिल्यास न पाहिलेली प्रत पाहिल्याचा समज होतो. मूळ आवृत्तीची खातरजमा करण्यासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उपयुक्त आहे. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांच्या नोंदी आहेत.