शेवटून पहिला

पुण्यामुंबईत दिवाळीची पहाट म्हणजे उटणं, अभ्यंगस्नान आणि जमलं तर एखादी मैफल. दिल्लीतल्या धावणाऱ्या मंडळींची दिवाळी पहाट मोबाइलवर हवेचा आकडा बघण्यात जाते. आकडा तीनशेच्या वर गेला की बूट पुन्हा कपाटात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, पावसाळ्यात घाम वाळत नाही, हिवाळ्यात धुकं आणि धूर यांतला फरक कळत नाही. धावायला इतकं गैरसोयीचं शहर शोधून सापडायचं नाही. तरीही दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद या सगळ्या पट्ट्यात रविवारी उजाडायच्या आत माणसं धावायला बाहेर पडतात, तीही टोळक्याटोळक्यानं.

अशा टोळक्याचं संसारसाहित्य एका गाडीच्या डिकीत मावतं. नेहरू पार्क, लोदी गार्डन किंवा गुरुग्रामच्या लेझर व्हॅलीबाहेर गाडी लागते आणि डिकी उघडते. आत केळ्यांचा घड, पाण्याचा वीस लिटरचा कॅन, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, पायाला मारायचा स्प्रे. अंगावर मागच्या कुठल्यातरी शर्यतीचे विटके टी-शर्ट. एकजण वहीत किंवा फोनवर डोकी मोजतो. मग घोळका पांगतो, वेगवान पुढे, हौशी मध्ये आणि नवखे मागे. सर्वांत मागे मुद्दाम हळू धावणारा एकजण असतो. क्लबची बोलीभाषा त्याला ‘स्वीपर’ म्हणते. जो कुणी शेवटचा असेल, त्याच्या सोबत राहायचं, हे त्याचं काम. दम लागलेल्या नवख्याला तो फार काही सांगत नाही. ‘आराम से, आराम से’, एवढंच. धावण्याचा क्लब कसा उभा राहतो आणि कसा टिकतो, याचं उत्तर या मागच्या माणसापाशी आहे.

दिल्लीला धावणं नवीन नाही. 1951 साली पहिले आशियाई खेळ इथेच झाले आणि त्यातली मॅरेथॉन भारताच्या छोटा सिंग यांनी जिंकली. पण ते खेळाडूंचं धावणं. गंमत म्हणून जमून धावण्याची एक परदेशी परंपराही दिल्लीत रुजली, ती ‘हॅश हाउस हॅरियर्स’ची. 1938 मध्ये क्वालालंपूरच्या ब्रिटिश नोकरदारांनी सुरू केलेला हा प्रकार निम्मा धावण्याचा आणि निम्मा गप्पा-बिअरचा. चाकरमान्यांच्या पायात बूट आले ते मात्र 2005 नंतर. आदल्या वर्षी मुंबई मॅरेथॉन सुरू करणाऱ्या प्रोकॅम या संस्थेनं त्या वर्षी दिल्ली हाफ मॅरेथॉन आणली. 21 किलोमीटरसाठी नाव तर नोंदवलं, आता सराव कुठे आणि कोणाबरोबर करायचा? या प्रश्नातून अनेक गट जन्मले. राहुल व्हर्गीस यांनी मोठ्या कंपन्यांतली मार्केटिंगची कारकीर्द मागे ठेवून ‘रनिंग अँड लिव्हिंग’ हा उपक्रम उभा केला. नोव्हेंबर 2013 मध्ये गुरुग्रामात ‘राहगिरी’ सुरू झाली. रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद आणि माणसांना मोकळे. रस्ता आपलाही असू शकतो, हे तिथे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

जॉगिंग क्लब ही कल्पना मुळात आली कुठून? न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेनं 1962 मध्ये ऑकलंडला जॉगिंगचा क्लब निघाला, साध्या, वय झालेल्या, सुटलेल्या पोटांच्या माणसांचा. त्याच सुमारास अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले. पुढे ‘नायकी’ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, तेच हे बॉवरमन. क्लबबरोबर धावायला निघाले आणि चढावर त्यांची दमछाक झाली. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके पचवलेले एक आजोबा वेग कमी करून त्यांच्यासोबत राहिले. बॉवरमन मायदेशी परतले ते ही कल्पना घेऊनच. अमेरिकेला जॉगिंग शिकवणारा माणूस स्वतः आधी शेवटून पहिला आला होता.

इंग्लंडमधल्या ‘पार्करन’ची सुरुवातही अशीच. 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 जण धावले. ते जमवणारे पॉल सिंटन-ह्यूइट दुखापतीमुळे स्वतः धावू शकत नव्हते. पाच किलोमीटर, दर शनिवारी, तीच जागा, तीच वेळ, फी नाही. एवढ्याशा नियमांवर तो उपक्रम अनेक देशांत पसरला.

त्यातला ‘तीच जागा, तीच वेळ’ हा भाग सोन्याचा आहे. क्लब काढणारे आधी लोगो करतात, टी-शर्ट छापतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर जण जमवतात आणि रविवारी प्रत्यक्षात चौघं येतात. खरं तर चौघं पुरतात. पाऊस असो, लग्नसराई असो, ठरल्या वेळी ठरल्या फाटकाशी कुणीतरी उभं आहे, हा भरवसा सहा महिने टिकला की पाचवा, सहावा आपोआप येतो. जागा निवडताना मात्र डोळसपणा हवा. मेट्रो जवळ असावी, स्वच्छतागृह असावं, उजेड असावा. हे नसेल तर बायका एकदा येतात, पुन्हा येत नाहीत. रस्त्यावर धावायचं असेल तर उजव्या बाजूनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं. भटकी कुत्री दिसली की धावणं थांबवून चालायला लागायचं, हा दिल्लीतला पहिला धडा.

नवख्यासाठी दुसरा धडा सबुरीचा. जोश क्लार्क या अमेरिकन तरुणानं 1996 मध्ये नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपाझप चालून झालं की 60 सेकंद धावायचं, 90 सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. एवढ्यावरून माणूस सलग पाच किलोमीटरपर्यंत पोचतो. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे, हीच साधी कसोटी. गप्पिष्ट माणसासाठी यासारखी सोय नाही.

आता दिल्लीचं पंचांग. जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आत उगवतो, म्हणून क्लब पहाटे साडेचार-पाचला निघतो. जानेवारीत सूर्योदय सव्वासातला. पण खरी गोम वेळेची नाही, हवेची आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते आणि धूर तिथेच साचतो. ऊन तापलं की तो थोडा विरतो. म्हणजे वर्षभर शुभ मानलेली पहाट नोव्हेंबर ते जानेवारीत बहुधा सर्वांत वाईट वेळ ठरते. त्यात शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जोरात धावणारा त्याच्या दहापट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजपट्टीवर 201 ते 300 म्हणजे ‘खराब’, 301 ते 400 ‘अतिखराब’, त्यापुढे ‘गंभीर’. जाणता क्लब हे आकडे आधीच नियमात लिहून ठेवतो. अमुक आकड्याच्या वर रविवारचं धावणं रद्द, त्याऐवजी घरात व्यायाम. त्या दिवशी हट्टानं धावणाऱ्याचं कौतुक ग्रुपवर करायचं नाही.

हा वाद दिल्ली हाफ मॅरेथॉनलाही चुकला नाही. 2017 मध्ये शर्यत नोव्हेंबरात होती. इंडियन मेडिकल असोसिएशननं ती पुढे ढकलण्याची मागणी केली, तरी ती झाली. पुढच्या वर्षी ती ऑक्टोबरात आली. कोरोनाच्या 2020 सालात ती पुन्हा नोव्हेंबराच्या अखेरीस, निवडक धावपटूंपुरती झाली. त्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 1 तास 30 सेकंदांत अंतर कापून राष्ट्रीय विक्रम केला. 61 मिनिटांच्या आत हाफ मॅरेथॉन धावणारा तो पहिला भारतीय. दिल्लीच्या रस्त्यांवर मराठी पायांची ही मोहोर.

क्लब पन्नास जणांचा झाला की कटकटी सुरू होतात. वेगवान मंडळी आपापसात धावू लागतात आणि नवख्यांना परकं वाटतं. वर्गणी कुणाकडे, हिशेब कुणाकडे, बूटवाल्या कंपनीचा फलक लावायचा की नाही, यावरून रुसवेफुगवे होतात. बँक खातं आणि प्रायोजक हवे असतील तर नोंदणी करावी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. पण नोंदणीआधी दोन कामं. दर महिन्याचा हिशेब सगळ्यांसमोर ठेवणं आणि निदान चार-पाच जणांनी सीपीआर शिकून घेणं.

वाढ कशी असावी, हे आपल्याकडे साताऱ्यानं दाखवलं. स्थानिक धावपटूंनी 2012 मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू केली. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि परत यायचं. 2015 मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली. मोठ्या शहराची नक्कल न करता त्यांनी आपल्याजवळचा घाट आणि पाऊस हेच भांडवल केलं. दिल्लीच्या क्लबांजवळ घाट नाही, पण अरवलीची झाडी आहे आणि लोदी काळातल्या घुमटांभोवतीच्या पायवाटा आहेत.

तुमच्या गावात क्लब काढायचा असेल तर येत्या रविवारी दोघांना सांगा आणि ठरल्या वेळी फाटकाशी उभे राहा. निघताना डोकी मोजा, परतल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जुळेपर्यंत डिकी बंद करू नका. पहिला आलेला कुठेही धावेलच. शेवटून पहिला आलेला पुढच्या रविवारी परत दिसला, तर समजा तुमचा क्लब चालला.