दुबळें मन आणि भाकरीचा डबा

मधल्या सुट्टीची वेळ जवळ येऊन फाटकाबाहेरील गाड्यावर भजीं तळलीं जाऊं लागलीं, कीं मुलांचें लक्ष फळ्यावरून उडतें. अशा मुलांस जिभेचे गुलाम म्हणून आपण मोकळे होतों. पण मास्तरांची जीभ तरी कोठें वश आहे? दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं आम्हांस मधुमेह असल्याचें सांगितलें. गोड वर्ज्य करण्याचा निश्चय आम्हीं त्याच दिवशीं केला; तो नाताळांत करंज्यांचें ताट समोर येईपर्यंत टिकला.

मग ज्यांचा निग्रह कच्चा, त्यांनीं काय करावें? अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे वॉल्टर मिशेल यांनीं आपल्या सहकाऱ्यासह १९७० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. थांबलांत तर अधिक आवडता खाऊ मिळेल, असें लहान मुलांस सांगितलें होतें. खाऊ समोर असतां मुलें लवकर हरलीं. तो दृष्टीआड असतां पुष्कळ अधिक वेळ थांबलीं. हें वाचल्यावर आमच्या घरीं करंज्यांचा डबा माळ्यावर गेला. (गड्ड्याच्या यात्रेंत मात्र आमची परीक्षा कोणीं पाहूं नये.)

दुसरी गोष्ट संगतीची. २०१४ सालीं हॉलंडांतील संशोधकांस असें आढळलें, कीं ज्यांचा निग्रह थकलेला आहे, त्यांस 'बहुतेक लोक हाच हितकर पदार्थ घेतात' असें कळलें, तर तेही त्याकडे अधिक वळतात. म्हणजे दुबळें मन जसें वाईटामागें जातें, तसेंच चांगल्यामागेंही जातें.

याचा प्रत्यय आम्हांस येथेंच आला. आमचा एक विद्यार्थी डब्याचें झांकण अर्धेंच उघडून कडक भाकरी खात असे. इतर मुलें पाव आणीत. त्यास लाज वाटे. पुढें डबा भरलेलाच घरीं जाऊं लागला व पैसे गाड्यावर. हें सांगतांना त्याच्या आईचे डोळे भरून आले.

वास्तविक सोलापूरकरांस कडक भाकरीसारखें सोयीचें अन्न नाहीं. ज्वारीची पातळ भाकरी भाजून कडक वाळविली, म्हणजे तिच्यांत ओल राहत नाहीं व ती पुष्कळ दिवस टिकते. भूक लागली कीं हाताशीं तयार. आळसास सबब उरत नाहीं. त्यांतून मंगळवेढ्याची ज्वारी तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेली! ज्वारींतील चोथ्यामुळें पोटही बराच वेळ भरलेलें राहतें. अर्थात् आमच्यासारख्यांनीं भाकरीही मोजूनच खावी.

त्या मुलास आम्हीं उपदेश केला नाहीं. पूर्वीं पुष्कळांस करून पाहिला होता. आमचाच भाकरीचा व शेंगाचटणीचा डबा घेऊन आम्ही लिंबाखालीं मुलांत बसूं लागलों. पहिल्या दिवशीं दोघे आले, आठवड्यानें सात. गाड्याकडे जाणारे अजून आहेतच. पण तो मुलगा आतां झांकण पुरतें उघडून बसतो, आणि परवां तर त्यानें आमच्या डब्यांतील चटणी संपविली.