पैसे आपले, कुलूप त्यांचे

मुंबई-पुण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम आणि मुदत संपली की सामान उचलायचे. असा करार घेऊन आमच्याकडे येणारा पक्षकार सही करण्यापूर्वी हमखास एक प्रश्न विचारतो, ‘वकीलसाहेब, मालकाने मध्येच बाहेर काढले तर?’ प्रश्न शहाणपणाचा आहे. भाडेकरू आणि लायसन्सी यांच्यात कायदा मोठा फरक करतो. भाडेकरूचा त्या जागेत हितसंबंध निर्माण होतो, लायसन्सीच्या हाती फक्त परवानगी असते. १८८२ च्या इझमेंट्स कायद्यातील कलम ५२ चा मथितार्थ सांगायचा तर, जे कृत्य एरवी बेकायदा ठरले असते ते करू देण्याची मुभा म्हणजे लायसन्स. मालमत्तेतील हक्क म्हणजे लायसन्स नव्हे.

घराच्या बाबतीत हा प्रश्न विचारणारा आपला माणूस संगणकाच्या बाबतीत मात्र तो कधीच विचारत नाही. पडद्यावर ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर टिचकी मारताना आपण जो करार करतो तोही लायसन्सचाच करार असतो. तो कोणी वाचत नाही. वकीलही वाचत नाहीत, आम्हीही कित्येक वर्षे वाचत नव्हतो. आपण सॉफ्टवेअर विकत घेत नाही, ते वापरण्याची परवानगी घेतो. आणि परवानगी देणारी कंपनी ज्या देशाचे कायदे पाळते, त्या देशाचे परराष्ट्र धोरण त्या परवानगीच्या पाठीशी दबा धरून बसलेले असते.

ज्यांना हा वकिली कीस वाटतो त्यांनी जुलै २०२५ मधील नायरा एनर्जीची हकिकत आठवावी. नायरा ही भारतात नोंदलेली कंपनी. गुजरातेत वाडीनार येथे तिचा वर्षाला २ कोटी टन तेल शुद्ध करण्याच्या क्षमतेचा कारखाना आहे आणि देशभर ६ हजारांहून अधिक पेट्रोल पंप आहेत. रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा तिच्यात सुमारे ४९ टक्के वाटा. १८ जुलै रोजी युरोपीय संघाने रशियाविरुद्ध निर्बंधांचा अठरावा संच जाहीर केला, त्यात नायराचे नाव घातले. चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल थांबले, कार्यालयीन संपर्काची साधने थांबली. कंपनीचे जाहीर म्हणणे असे होते की परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता, तिला तिच्याच माहितीपासून तोडण्यात आले. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. त्या महिन्याच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या आणि प्रकरण तेथेच निवले.

आता यातील गंमत पाहा. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, ग्राहक भारतीय आणि सेवा पुरवली जात होती भारतात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तर त्याच १८ जुलैला सांगितले होते की भारत असले एकतर्फी निर्बंध मानत नाही. म्हणजे भारताच्या कायद्यानुसार नायराने काहीही वावगे केलेले नव्हते. आम्हाला रोसनेफ्टचा कळवळा नाही, युक्रेनवरील आक्रमणाचे समर्थन तर मुळीच नाही. प्रश्न एवढाच आहे की या देशातील एका कारखान्याचे कार्यालय चालू ठेवायचे की बंद, हा निर्णय येथील संसदेने घेतला नाही, येथील न्यायालयाने घेतला नाही, मग तो घेतला कोणी? नायराकडे दिल्लीत नामवंत वकील उभे करण्याइतका पैसा होता, म्हणून आठवडाभरात मार्ग निघाला. एखाद्या नगरपालिकेवर किंवा जिल्हा सहकारी बँकेवर ही पाळी आली तर ती कोणाच्या दारात जाईल? सेवा पुन्हा चालू झाल्याने मूळ कायदेशीर प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. आम्हाला त्याची हळहळ वाटते, कारण त्यावर निकाल यायला हवा होता.

सॉफ्टवेअर ही वस्तू आहे की परवानगी, यावर आपल्या न्यायालयांनी पूर्वी विचार केलेला नाही असे नाही. मात्र तो केला तो कराच्या निमित्ताने. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात ठरवले की बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, त्याच्या विक्रीवर विक्रीकर लागतो. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस या कंपनीच्या प्रकरणात निकाल आला. परदेशी कंपनीला तयार सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम ही रॉयल्टी नव्हे, कारण त्या व्यवहारात कॉपीराइट हातचा जात नाही, विकली जाते ती एक प्रत. म्हणून रॉयल्टी समजून त्यावर येथे कर कापता येणार नाही. (पुढे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेले न्या. भूषण गवई त्या तीन न्यायमूर्तींच्या पीठावर होते.) कायद्याच्या तर्काने निकाल बिनचूक आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण कंपन्यांनी त्यातून काय साधले ते पाहिले पाहिजे. आयकर खात्यापुढे त्या म्हणतात, आम्ही वस्तू विकली. ग्राहकापुढे त्याच कंपन्या म्हणतात, आम्ही काहीही विकलेले नाही, फक्त वापरू दिले आहे. एकाच व्यवहाराची दोन तोंडे, आणि दोन्ही तोंडांचा लाभ एकालाच! आता तर तयार प्रत मिळणेही कमी झाले आहे. महिन्याची वर्गणी भरायची, सॉफ्टवेअरही त्यांच्या यंत्रावर आणि आपली कागदपत्रेही त्यांच्याच यंत्रावर.

नायरा हे पहिले उदाहरण नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने व्हेनेझुएलातील सर्व ग्राहकांना कळवले की अमेरिकन अध्यक्षांच्या आदेशामुळे तुमची खाती बंद होतील. भरलेले पैसे परत करण्यालाही आदेशाची आडकाठी आहे, असेही सुरुवातीला सांगितले. तेथील छायाचित्रकार, वृत्तपत्रांचे जुळारी, विद्यार्थी यांचा राष्ट्राध्यक्ष मादुरो यांच्या राजकारणाशी काय संबंध? महिनाअखेरीस कंपनीला अमेरिकन सरकारकडून सेवा चालू ठेवण्याची परवानगी मिळाली आणि संकट टळले. म्हणजे परवाना देणाऱ्यालाही वरून परवाना घ्यावा लागतो. आपण या साखळीत पोटभाडेकरूच्याही खाली आहोत.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने चीनच्या हुआवेई कंपनीला काळ्या यादीत टाकले. त्यानंतर बाजारात आलेल्या तिच्या नव्या फोनांवर गूगलचे अ‍ॅप-दुकान आणि नकाशे राहिले नाहीत. परंतु अँड्रॉइडचा जो भाग मुक्त परवान्याखाली होता तो कोणालाही परत घेता आला नाही. हुआवेईने तो वापरणे चालू ठेवले आणि सवडीने स्वतःची प्रणाली उभी केली. आमच्या मते या एका उदाहरणात सगळा मुद्दा आला. एकाच फोनातील दोन प्रकारचे परवाने, एक आदेशासरशी गेला, दुसरा जागच्या जागी राहिला.

हा दुसरा प्रकार म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे काम जाहीर केले आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ नावाचा परवाना लिहिला. वकिलाच्या नजरेने पाहिले तर तो एक अफलातून दस्तऐवज आहे. तो कॉपीराइट कायदा नाकारत नाही, त्याच कायद्याचे हत्यार उलटे धरतो. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरा, त्याचा सोर्स कोड वाचा, बदला, वाटा. मात्र वाटताना पुढच्या माणसालाही हेच सारे हक्क द्या. लिनक्स प्रणालीचा गाभा १९९२ पासून याच परवान्याखाली आहे. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर स्पष्ट लिहिले आहे की अटी पाळल्या जात असतील तर दिलेले हक्क मागे घेता येणार नाहीत. मालक मध्येच बाहेर काढील काय, या आमच्या पक्षकाराच्या प्रश्नाला करारातच मिळालेले हे उत्तर आहे.

अर्थात येथेही आंधळा भक्तिभाव नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन माणसांची नावे निर्बंधांचे कारण देऊन काढण्यात आली. वर्षानुवर्षे फुकट राबलेल्या माणसांना अशी वागणूक मिळाली हे वाईटच झाले. परंतु रशियातील एकाही संगणकावरचे लिनक्स त्यामुळे बंद पडले नाही, पडू शकत नव्हते.

भारताला नकाराचा हा अनुभव नवा नाही. १९८० च्या दशकात हव्या त्या ताकदीचा ‘क्रे’ महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम’ तयार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाच्या कारणावरून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लादले, तेव्हा पुन्हा स्वदेशीची लाट आली. केंद्रीय मंत्र्यांनी झोहो या भारतीय कंपनीची साधने वापरत असल्याचे जाहीर केले. केंद्र सरकारच्या लाखो कर्मचाऱ्यांचे ईमेल त्याआधीच तिच्याकडे गेले होते. चेन्नईच्या कंपनीला काम मिळाले याचा आनंदच आहे. पण कुलूप चेन्नईत बनले म्हणून किल्ली आपल्या हाती येते काय? झोहोचा परवानाही परवानाच आहे, त्याचाही सोर्स कोड बंद आहे. परकीय मालकाऐवजी देशी मालक आला एवढेच. मालक आपला असला की लायसन्सीचा भाडेकरू होत नाही, हे आम्ही न्यायालयात रोज पाहतो.

या देशी कुलपाचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या स्मरणिका, पत्रके, शिबिरांचे अहवाल एका मराठी फॉन्टच्या पॅकेजवर जुळवले जात. संगणकाच्या पाठीमागे ‘डोंगल’ नावाची डबी लावल्याशिवाय ते चालत नसे. प्रत्येक कंपनीने अक्षरांचे सांकेतिक क्रमांक स्वतःच्या मनाने ठरवलेले. संगणक मोडीत गेला, डबी हरवली, कंपनीने ती आवृत्ती बंद केली. आज त्या फायली उघडल्या तर ‘क’ च्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर आमचा, घाम आमचा, वर्गणी कार्यकर्त्यांची. सुदैवाने छापील प्रती होत्या. त्यांवरून दोन मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत सारे पुन्हा युनिकोडमध्ये टंकलिखित केले. युनिकोड हे सर्वांसाठी खुले प्रमाण आहे, म्हणून ते अक्षर आता कोणत्याही यंत्रावर उमटते. पण छापील प्रत नसलेले दोन अहवाल गेले ते गेलेच.

हे सारे टाळता येते हे केरळने दाखवून दिले आहे. तेथील सरकारी शाळांचा संगणक कार्यक्रम २००१ च्या सुमारास सुरू झाला आणि काही वर्षांतच तो संपूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर गेला. आज दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर लिनक्स चालते. गरीब मुलाच्या घरी जुना संगणक असेल तर शाळेतील तीच प्रणाली तो घरी फुकट आणि राजरोस घालू शकतो, चोरीची प्रत शोधावी लागत नाही. केंद्राचेही मार्च २०१५ चे मुक्त सॉफ्टवेअर धोरण आहे. निविदेत मुक्त पर्यायाचा विचार झालाच पाहिजे आणि तो वगळला तर कारण दिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. राज्यांना ते बंधनकारक नाही, इच्छा असल्यास स्वीकारता येते.

जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सातबारा, रेशन हे सारे आता संगणकातून येते. ही यादी पाहिली की कुलूप लागले तर पहिला फटका कोणाला बसेल, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा साधा अर्ज करावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तुमच्या कार्यालयात कोणते सॉफ्टवेअर आहे, परवाना कोणाच्या नावे आणि कोणत्या तारखेपर्यंत, तो रद्द करण्याचा अधिकार कोणाला, करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळणार, मुक्त पर्याय तपासला काय आणि नाकारला तर कोणत्या टिपणीने? उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. तहसील आणि समाजकल्याण या दोन कार्यालयांसाठी आमचे अर्ज तयार आहेत, ते येत्या सोमवारी दाखल होतील.